कझा: गाणी फुकट, घर उघडं

सीडी_क्लिंट.डीएलएल. नावावरून काही बोध होत नाही, आणि तो होऊ नये हीच बनवणाऱ्यांची इच्छा असावी. २००२ च्या आसपास ज्यांच्या कॉम्प्युटरवर कझा हा एकमेकांकडची गाणी फुकट उतरवून घेण्याचा प्रोग्रॅम होता, त्यांच्याकडे ही फाइल होती. ती सायडोर नावाच्या जाहिरात कंपनीची. कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून कुणी अ‍ॅड-अवेअर हा तेव्हाचा लोकप्रिय सफाई प्रोग्रॅम चालवला, की तो ही फाइल हुडकून काढून टाकायचा. कॉम्प्युटरवरचा भार कमी व्हायचा. मग संध्याकाळी एखादं गाणं उतरवावं म्हणून कझावर क्लिक केलं, तर कझा उघडायचंच नाही. सायडोरची फाइल जागेवर आहे ना, हे ते आधी बघायचं, आणि नसली की हटून बसायचं.

लोकांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. कुणीतरी त्याच नावाची एक पोकळ फाइल तयार केली. आत काही नाही, फक्त नाव तेच. ती जुन्या जागी ठेवली की कझा खूश, गाणी चालू आणि जाहिराती बंद. दारात पहारेकरी असला पाहिजे एवढीच अट होती. तो जिवंत असला पाहिजे असं कुणी म्हटलं नव्हतं.

फुकट संगीत, जाहिरात आणि खासगीपणा या तिघांचा गुंता समजून घ्यायचा तर कझाइतकं दुसरं चांगलं प्रकरण नाही, असं माझं मत आहे. त्याआधीचं, तसंच गाणी वाटणारं नॅपस्टर जास्त गाजलं, पण त्यात जाहिरातीचा धागा जवळजवळ नाही. कझामध्ये तो मुळापासून आहे.

कुणाचं, कुठलं

नॅपस्टर जुलै २००१ मध्ये बंद पडलं. त्याची दुखरी नस अशी होती की कुणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर होती. कोर्टाने त्या यादीवर बोट ठेवलं आणि खेळ संपला. स्वीडनचे निकलास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांनी एस्टोनियातल्या प्रोग्रॅमरांना हाताशी धरून त्याच वर्षी ॲमस्टरडॅममधून कझा आणलं, त्यात ही यादीच मधून काढून टाकली होती. फास्टट्रॅक नावाच्या त्यांच्या जाळ्यात ज्यांचं कनेक्शन वेगवान, त्यांच्याच कॉम्प्युटरवर शोधयादीचं काम आपोआप सोपवलं जाई. आपला कॉम्प्युटर या कामाला जुंपला गेलाय हे बहुतेकांना कळतही नसे. (याच मंडळींनी २००३ मध्ये स्काइप काढलं. डोकं तेच, धंदा वेगळा.)

जानेवारी २००२ मध्ये कझा विकलं गेलं. घेणारी कंपनी शारमन नेटवर्क्स: कामकाज सिडनीतून, नोंदणी वानुआतूची. नोंदणी एका बेटावर, कचेरी दुसऱ्या देशात आणि वापरणारे जगभर पसरलेले. वकिलांची दमछाक व्हायला एवढं पुरेसं होतं. मे २००३ मध्ये कझाने २३ कोटी डाउनलोडचा आकडा गाठला आणि आयसीक्यू या गप्पांच्या प्रोग्रॅमला मागे टाकून सर्वांत जास्त उतरवलेला प्रोग्रॅम ठरल्याचा दावा केला. त्याच वर्षी कझा प्लस आलं, किंमत २९.९५ डॉलर. त्यात जाहिराती नव्हत्या. जाहिराती नसण्याला कंपनीने स्वतःच भाव लावला, आणि फुकट आवृत्तीची खरी किंमत निदान एका बाजूने तरी आकड्यात दिसली.

‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’

कझा इन्स्टॉल करताना नेमकं काय व्हायचं हे बारकाईने बघण्यासारखं आहे. सेटअप उघडला की एक चौकट, तिच्यात करारनाम्याचा मजकूर, खाली ‘मान्य आहे’ असा पर्याय आणि ‘पुढे’ हे बटण. चौकटीत जेमतेम काही ओळी मावत, त्यामुळे सगळा करारनामा वाचायचा तर सरकपट्टी खाली ओढत बसायचं. मग दुसरी चौकट, दुसऱ्या कंपनीचा करार. मग तिसरी. कझाबरोबर वेगवेगळ्या काळात सायडोर आलं, वेनयू आलं, गेटर आलं. गेटर लोकांच्या वेबभ्रमंतीवर नजर ठेवून त्या त्या वेळी साजेशी जाहिरात पुढ्यात टाकायचं. २००३ मध्ये त्याने नाव बदलून क्लारिया केलं, आणि २००४ मध्ये शेअर बाजारात उतरण्यासाठी जी कागदपत्रं दाखल केली त्यात आदल्या वर्षीची कमाई सुमारे ९ कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. क्लारियाचा करारनामा स्क्रीनवर ५६ पानं भरतो, हे बेन एडेलमन या संशोधकाने मोजून दाखवलं होतं. गाणं ऐकायला बसलेला माणूस ५६ पानं वाचेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. लिहिणाऱ्यांनाही नाही.

पण निदान इथे कुणीतरी विचारलं तरी होतं. जानेवारी २००२ मध्ये ‘क्लिकटिलयूविन’ नावाचं सोडतीचं एक सॉफ्टवेअर उजेडात आलं, ते कझा आणि त्याच पठडीतले ग्रोकस्टर आणि लाइमवायर या तिन्हींबरोबर जात होतं. ते नको असं सांगितलं तरी त्यातला एक भाग कॉम्प्युटरवर बसायचाच, आणि वापरणारा कुठल्या साइटवर जातो ते बाहेर कळवायचा. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याची नोंद ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्रॅम, म्हणून केली. ते वाटणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, आम्हाला कल्पना नव्हती. ते खरंही असेल. मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसते: दुसऱ्याचं सामान आपल्या गाडीत भरून घरोघरी पोचवण्याचे पैसे मिळत होते, पण ते गाठोडं सोडून बघण्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

आणि मग एप्रिल २००२. ब्रिलियंट डिजिटल एंटरटेनमेंट ही कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे वार्षिक कागदपत्रं देते आणि त्यातून पत्रकारांना कळतं, की कझाबरोबर लाखो कॉम्प्युटरवर तिचंही सॉफ्टवेअर आधीच पोचलेलं आहे. तोवर ते झोपलेलं होतं. बेत असा, की पुढे एक दिवस ते जागं करायचं आणि या सगळ्या कॉम्प्युटरांचं मिळून एक नवं जाळं उभं करायचं, ज्यावरून जाहिराती आणि इतर माल वाटता येईल. करारनाम्यात हे लिहिलेलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरची न वापरलेली ताकद, साठवणीची जागा आणि इंटरनेट कनेक्शन वापरण्याचा हक्क तुम्ही देत आहात, असा त्याचा आशय. गदारोळ झाल्यावर ‘आम्ही लोकांना विचारूनच करणार होतो’ असा खुलासा आला.

वापरणाऱ्यांना ही बातमी गुंतवणूकदारांसाठीच्या कागदांतून कळली. ज्याच्या घरात सामान ठेवलं त्याला सांगायचं ५६ पानी भाषेत, आणि ज्याचे पैसे हवेत त्याला सांगायचं सरळ वाक्यात.

जाहिरातीपेक्षा मोठं भगदाड

इथवर सगळा रोख जाहिरात कंपन्यांवर आहे, आणि तेव्हाच्या चर्चेतही तो तसाच होता. ‘स्पायवेअर’, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. कझा आपल्या साइटवर ‘आमच्यात स्पायवेअर नाही’ असं ठसठशीत लिहीत असे आणि विरोधक ‘आहेच’ म्हणून सांगत. सायडोर हे स्पायवेअर की नुसतं अ‍ॅडवेअर, यावर कीस काढला जात होता. त्या गदारोळात खरं भगदाड दुर्लक्षित राहिलं.

नेथॅनिएल गुड आणि ॲरन क्रेकलबर्ग या दोघांनी २००२ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत अगदी साधा प्रयोग केला. १२ माणसांना कझापुढे बसवलं आणि विचारलं, या कॉम्प्युटरवरचं काय काय बाहेरच्या लोकांना दिसतंय ते सांगा. बरोबर उत्तर दिलं फक्त २ जणांनी. ही मंडळी नवशिकी नव्हती, कॉम्प्युटर सरावाने वापरणारी होती.

चूक कुठे होत होती? कझामध्ये उतरवलेली गाणी ज्या फोल्डरमध्ये जात, तोच फोल्डर जगाला खुला असे. त्याच्या पोटातले सगळे फोल्डरही. आता समजा, गाणी नजरेसमोर राहावीत म्हणून कुणी डाउनलोडसाठी ‘माय डॉक्युमेंट्स’ निवडलं, किंवा थेट सी ड्राइव्हच दाखवला. त्याच्या दृष्टीने त्याने एवढंच सांगितलं, की गाणी इथे ठेव. कझाने त्याचा अर्थ घेतला, की इथलं सगळं वाट. पत्रं, हिशेब, फोटो, नोकरीचे अर्ज. शिवाय कझा स्वतःहून डिस्क चाळून ‘हे हे फोल्डर वाटता येतील’ असं सुचवायचं, ते वेगळंच.

याच दोघांनी मग जाळ्यावर ‘इनबॉक्स.डीबीएक्स’ या नावाने शोध घेऊन पाहिला. आउटलुक एक्स्प्रेस या तेव्हाच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये आलेली सगळी पत्रं या एका फाइलमध्ये साठत. ती वाटण्याचं कुणालाच काही कारण नाही. तरी १२ तासांत १५६ वेगवेगळ्या लोकांच्या अशा फाइली त्यांना सापडल्या. पुढे त्यांनी गळही टाकून बघितला: बनावट फाइली ठेवल्या, एकीचं नाव ‘क्रेडिट कार्ड्‌स’. ती उतरवून नेणारे लोक निघाले. म्हणजे कुणीतरी नेमकं हेच शोधत होतं.

गेटरला इतकंच कळत होतं, की अमुक कॉम्प्युटरवरचा माणूस विमानाची तिकिटं बघतोय. इनबॉक्समधून मात्र तो कुणाशी काय बोलतो, त्याचा आजार काय, त्याचं कर्ज किती, सगळं अनोळखी माणसाच्या हाती जात होतं. आणि यात कुठलीही कंपनी काही ‘चोरत’ नव्हती. दार मालकानेच उघडं ठेवलेलं होतं, फक्त ते दार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

हा निव्वळ ढिसाळ डिझाइनचा दोष मानायला मी तयार नाही. कझा चालायचं ते लोकांनी फाइली खुल्या ठेवल्या तर. कुणी फक्त घेतलं आणि दिलं नाही, की जाळं रोडावणार. जाळं रोडावलं की लोक जाणार. लोक गेले की जाहिराती कुणाला दाखवायच्या? म्हणून वाटणं हे मुळातच चालू. म्हणून पुढे ‘पार्टिसिपेशन लेव्हल’ नावाचे गुणही आले: जितकं जास्त द्याल तितका तुमचा नंबर रांगेत पुढे, आणि १००० गुण झाले की पदवी ‘सुप्रीम बीइंग’. परमात्माच म्हणा की. ज्या गरजेतून सायडोरची फाइल सक्तीची झाली, त्याच गरजेतून फोल्डर उघडा राहिला.

नाव कळेपर्यंत

उघड्या फोल्डरचा फायदा घेणारा आणखी एक गट होता: रेकॉर्ड कंपन्या. कझामध्ये एखाद्याकडचं एक गाणं सापडलं, की त्याच्याकडे आणखी काय आहे ते सगळं बघता यायचं. कंपन्यांनी नेमलेले तपासनीस तेच करत. यादीचे स्क्रीनशॉट घ्यायचे, आयपी पत्ता टिपायचा. अडचण एवढीच, की आयपी पत्त्यामागचं नाव फक्त इंटरनेट देणाऱ्या कंपनीला ठाऊक.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, व्हेरायझन या इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे अशाच एका कझा वापरणाऱ्याचं नाव मागितलं. डीएमसीए या १९९८ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलमानुसार न्यायाधीशापुढे न जाता, नुसत्या कोर्टाच्या कारकुनाच्या शिक्क्यावर हे मागता येतं, असा त्यांचा दावा. व्हेरायझनने नकार दिला. जानेवारी २००३ मध्ये खालच्या कोर्टात व्हेरायझन हरलं. १९ डिसेंबर २००३ ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. पण मधल्या ११ महिन्यांत नोटिसांचा पाऊस पडून गेला होता. ८ सप्टेंबर २००३ ला २६१ लोकांवर एकदम खटले भरले गेले. त्यांत एक १२ वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने कझाचे पैसे भरलेले होते, त्यामुळे हे सारं कायदेशीरच आहे अशी तिची समजूत. २,००० डॉलर देऊन आईने प्रकरण मिटवलं. वरच्या कोर्टाचा निकाल या सगळ्यांसाठी वरातीमागून घोडं ठरला.

सर्वांत लांबलेला खटला मिनेसोटातल्या एका महिलेचा. फेब्रुवारी २००५ मध्ये तपासनिसांनी तिच्या कझा फोल्डरमध्ये १,७०२ फाइली पाहिल्या. खटला चालला त्यातल्या २४ गाण्यांवर. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलरची भरपाई ठरवली, म्हणजे दर गाण्याला ९,२५०. फेरसुनावणीत २००९ मध्ये ती १९,२०,००० वर गेली आणि बऱ्याच चढउतारांनंतर २०१२ मध्ये अपिलात पुन्हा २,२२,००० वर आली. ती दोषी होती की नव्हती हा माझा मुद्दा नाही, ज्यूरीला ती दोषीच वाटली. जाहिरात कंपन्यांनी कितीही पाळत ठेवली तरी या माणसांचं नाव उघडं पाडलं ते उघड्या फोल्डरने, आणि तो फोल्डर उघडा ठेवायला कझा त्यांना गुण देत होतं.

कझा लाइट

वापरणारे भोळे होते असं मात्र म्हणवत नाही. कझा प्रोग्रॅममधून जाहिरातींचं सगळं सामान उपटून काढून कुणीतरी ‘कझा लाइट’ बनवलं, आणि ते तुफान चाललं. त्यात सगळ्यांना जन्मतःच १००० गुण. काही न देता परमात्मा.

शारमनने काय करावं? २००३ मध्ये तिने गूगलला डीएमसीएखाली नोटीस धाडली, की कझा लाइटच्या या लिंका आमच्या कॉपीराइटचा भंग करतात, त्या काढा. गूगलने काढल्या. दुसऱ्यांच्या गाण्यांच्या कॉपीराइटबाबत ‘आम्ही नुसतं सॉफ्टवेअर देतो’ म्हणून हात झटकणारी कंपनी स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटसाठी धावत आली. खरं तर तिला झोंबलं होतं ते वेगळंच: कझा लाइटमध्ये गाणी तीच मिळत होती, जाळंही तेच होतं, फक्त जाहिरातदाराला दाखवायला डोळे नव्हते.

कोर्टाने काय पाहिलं, काय नाही

२७ जून २००५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रोकस्टर प्रकरणात एकमताने निकाल दिला. कझा मूळ दाव्यात प्रतिवादी होतंच. न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिलेल्या या निकालात जाहिरातीचं गणित स्वच्छ मांडलं आहे: सॉफ्टवेअर जितकं जास्त वापरलं जाईल तितक्या जास्त जाहिराती जाणार आणि तितकी कमाई वाढणार, म्हणजे कंपन्यांचा फायदा बेकायदा वापर वाढण्यातच होता. ५ सप्टेंबर २००५ ला ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती विलकॉक्स यांनी शारमनविरुद्ध निकाल दिला. जुलै २००६ मध्ये तडजोड झाली. शारमनने रेकॉर्ड कंपन्यांना ११ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

दोन्ही निकालांत प्रश्न एकच, कॉपीराइटचा. जाहिरातीचा पैसा कोर्टाने पाहिला, पण तो गायकांच्या बाजूने. वापरणाऱ्यांच्या बाजूने पाहायला तिथे कुणी उभंच नव्हतं. १५६ लोकांचे इनबॉक्स, झोपवून ठेवलेलं ब्रिलियंटचं सॉफ्टवेअर, नको म्हटलं तरी बसलेला ट्रोजन, यातलं काहीच त्या तराजूत पडलं नाही.

त्यातल्या त्यात वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा कागद मार्च २००६ मध्ये आला, तोही कोर्टाबाहेरून. हार्वर्ड आणि ऑक्सफर्डच्या संस्थांच्या पाठबळावर सुरू झालेल्या स्टॉपबॅडवेअरने आपल्या पहिल्याच अहवालात कझाचं नाव घेतलं. आक्षेप असे: स्पायवेअर नाही असं सांगून दिशाभूल करणं, इतर सॉफ्टवेअरमध्ये न सांगता फेरफार करणं, कॉम्प्युटरच्या वापरात अडथळा आणणं. आणि एक आक्षेप असा, की कझा काढून टाकलं तरी ते पुरतं जात नाही, त्याचे तुकडे मागे राहतात.

२००९ मध्ये कझा नव्या हातांत, पैसे भरून गाणी ऐकण्याची कायदेशीर सेवा म्हणून परत आलं. २०१२ मध्ये साइट बंद झाली. ११ कोटी ५० लाखांतला एक डॉलरही अशा माणसाकडे गेला नाही, ज्याने गाणी ठेवायला ‘माय डॉक्युमेंट्स’ निवडलं होतं.